सरवा कधी मोकळा होतो

फौजेत सतरा वर्षं काढली, पण तेवढ्या काळात 'सरवा' हा शब्द माझ्या तोंडून एकदाही निघाला नाही. निघायचं कारणच नव्हतं. तिथे पेरणी नाही, काढणी नाही, आणि शेजारच्या खाटेवर झोपणारे कुणी पंजाबचे, कुणी बिहारचे. त्यांच्याकडेही या गोष्टीला काहीतरी शब्द असणारच. तो विचारायचं आम्हाला कधी सुचलं नाही.

सरवा म्हणजे पीक काढून नेल्यावर रानात मागे राहिलेलं. ज्वारी काढली की जमिनीवर पडलेली कणसं, बटाटा काढला की मातीत राहिलेला बारका बटाटा, भुईमूग उपटला की देठ तुटून आतच राहिलेल्या शेंगा. ते वेचायला जायचं म्हणजे सरव्याला जायचं. एवढा अर्थ कुणीही सांगेल. पण त्याच्यापुढेही या शब्दात बरंच काही होतं, आणि ते गावात सगळ्यांनाच ठाऊक असल्यामुळे कुणी कधी बोलून दाखवत नसे. माझी चूक तिथेच झाली. चूक म्हणतोय, पण पुढे वाचल्यावर तुम्ही दुसरा शब्द वापराल, आणि तो बरोबर असेल.

आमचं गाव वडूजपासून मोटारसायकलने अर्ध्या तासावर. सगळी कोरडवाहू जमीन. पाऊस वेळेवर गेला नाही तर पीक कुजतं आणि लवकर गेला तर भुई दगड होते. दगड झालेल्या भुईतनं भुईमूग उपटायचा म्हणजे निम्मा वेल हातात येतो आणि निम्म्या शेंगा खाली राहतात. त्या शेंगांवर गावातल्या काही घरांचं वर्षभराचं कूट व्हायचं. ज्यांना रान नाही अशा बाया, एकट्या राहिलेल्या म्हाताऱ्या खुरपं आणि पिशवी घेऊन यायच्या. उकिडवं बसून, माती उकरत, एकेक शेंग ओच्यात टाकत पुढे सरकायच्या. दिवसभर उन्हात अशी माती उकरल्यावर माझ्यासारख्याची कंबर कायमची गेली असती.

आपल्या रानातला सरवा आपण वेचायचा नाही, असं आमच्या आईचं होतं. नुसतं तिचंच नाही, सगळ्या गावाचं तसं होतं. भुईमूग उपटणाऱ्या बायांना ती बांधावरून ओरडायची, "लय खरवडू नका गं, मागच्यांस्नी काय ऱ्हाऊ द्या." म्हणजे सरवा चुकून राहायचा, तसाच थोडासा मुद्दाम ठेवलेलाही असायचा. मात्र कुणी कुणाला तो दिला, असं कधी म्हणायचे नाहीत.

आता तो वेचायला कधी जायचं? त्याची खूण ठरलेली होती. धन्याचं जनावर रानात शिरलं की सरवा मोकळा. माल घरी गेला, राखायचं काही उरलं नाही, की धनी आपली म्हैस नाहीतर बैल त्या रानात चरायला सोडायचा. वाटेने जाणाऱ्या बायका ते बघायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यायच्या. त्याआधी पाऊल टाकलं तर ती चोरी, त्यानंतर टाकलं तर सरवा. विचारणं नाही, सांगणं नाही. मला आता वाटतं, ज्याने कुणी ही रीत पाडली तो मोठा जाणता माणूस असणार. एका बाईला दुसऱ्याच्या दारात जाऊन 'येऊ का' म्हणायला लागू नये, आणि दुसऱ्याला 'ये' म्हणून उपकार केल्याचा तोरा मिरवता येऊ नये, म्हणून त्याने ते काम जनावरावर टाकलं. सतरा वर्षांत मी हे सगळं विसरून गेलो होतो. म्हणजे कुणी विचारलं असतं तर आठवलं असतं, पण हातापायांना आठवत नव्हतं.

पेन्शनवर आलो ते पहिलं वर्ष मी गावी थोरल्या भावाकडे राहिलो. बायको लेकीच्या शाळेसाठी सांगलीत खोली घेऊन राहत होती. मी नोकरी शोधत होतो, म्हणजे शोधतोय असं सांगत होतो. दादाने सतरा वर्षं एकट्याने शेती केली होती, आईचं दुखणंखुपणं, तिचे शेवटचे दिवस, सगळं त्यानेच बघितलं होतं. मी सुट्टीत पेटी घेऊन यायचो, चार दिवस पाहुण्यासारखा मटण खायचो आणि जायचो. त्यामुळे त्याच्या घरात मी जरा जपूनच असायचो. दादा तापट. आवाज चढला की अंगणातली कोंबडी आडोशाला जायची. मारणारा वगैरे नव्हता, पण त्याचं बोलणं लागायचं. लोक मला फौजी म्हणायचे, वाटेत थांबवून हात मिळवायचे. आणि हा फौजी घरात थोरल्या भावासमोर चहाचा कपसुद्धा आवाज न करता ठेवायचा.

आता त्या बाईचं सांगतो. गाव तिला मावशी म्हणायचं, कारण शाळेतली पोरं मावशी म्हणायची. पन्नाशी ओलांडलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, रान एक गुंठाही नाही. एकुलती लेक दिलेली सांगलीजवळ माधवनगरला. मावशी गावच्या शाळेत पोरांची दुपारची खिचडी शिजवायची. पगार सांगण्यासारखा नव्हता, पण ते काम तिला लय मोठं होतं. तांदळाच्या कोठीची किल्ली तिच्या कमरेला असायची. सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली शिक्षकांच्या रांगेच्या टोकाला ती धुवट पातळ नेसून उभी राहायची आणि सलामी द्यायची. माझ्याकडे बघून एकदा म्हणाली, "फौजी, हात बराबर हाय का बघा." मी तिचं कोपर जरा वर केलं. त्यानंतर दिसली की वाटेतही ती मला सलाम ठोकायची आणि हसायची.

ते काम दरवर्षी शाळेच्या समितीने पुन्हा द्यायचं असायचं, आणि समितीचा अध्यक्ष दादा होता.

त्या वर्षी पाऊस लवकर गेला. दसऱ्याच्या सुमाराला भुईमूग काढला तेव्हा भुई अशी आवळलेली की बायांच्या हाताला फोड आले. शेंगा तोडून पोती घरी आली. रानाच्या कोपऱ्यात वाळत घातलेल्या पाल्याचा मोठा ढीग तेवढा राहिला, उन्हाळ्यात म्हशीला घालायला. आणि खाली राहिलेल्या शेंगा दादा सोडणार नव्हता. तो म्हणाला, "परवा ट्रॅक्टर सांगितलाय. रान उलटं करू, चार बाया लावून येचून घेऊ. दोन पोती तरी निघतील." वहिनी हळूच म्हणाली, "सरवा हाय की त्यो." दादा म्हणाला, "आता कसला सरवा." असं सगळेच करायला लागले होते. बैल गेले होते, म्हशीही एखाद्दुसऱ्या उरल्या होत्या, आणि जिथे जनावरच नाही तिथे खूण कसली राहणार. मला त्यात काही वाटलं नाही. मी मोबाईल बघत होतो.

दुसऱ्या दिवशी दादा आणि वहिनी पाहुण्यांकडे बाराव्याला गेले. म्हशीला वैरण कापून घालायचं काम माझ्यावर आलं. दुपारी मला त्याचा कंटाळा आला. खोटं कशाला बोलू, नुसता कंटाळा. म्हटलं, रान रिकामं पडलंय, घालू हिला तिथे, फिरून खाईल. खुंट्यावरचं दावं सोडलं, म्हैस रानाकडे नेली आणि पाठीवर थाप मारून आत घातली. स्वतः बाभळीखाली बसलो. गाणी लावली आणि झोप लागली.

जागा झालो तर म्हैस पाल्याच्या ढिगात. खाल्लं थोडंच, पण निम्मा ढीग तुडवून, वर शेण टाकून सगळा घाण केलेला. उन्हाळ्याची वैरण. मी तिला घाईने घरी आणून बांधली, हातपाय धुतले आणि ओसरीवर पेपर घेऊन बसलो.

संध्याकाळी दादा आला, रानात चक्कर मारून परत आला. त्याने उंबऱ्यातूनच विचारलं, "म्हस कुणी सोडली रं रानात?"

मी म्हणालो, "सोडली नाही. दावं सुटलं होतं. बघितलं तोवर गेली होती."

बस, एवढंच. पाल्यापायी बोललो. चाळिशीला आलेला माणूस, पण एक शिवी चुकवण्यासाठी बोललो. दादा पुटपुटला, दाव्याला नावं ठेवली आणि सकाळी सकाळी वडूजला जाऊन नवं नायलॉनचं दावं घेऊन आला. येताना चौकात दोघाचौघांना म्हशीची गोष्टही सांगितली. माझ्या खोटेपणाला असा नवा कोरा पुरावा मिळाला, हिरव्या रंगाचा.

तो वडूजला गेला होता त्याच सकाळी मावशी आमच्या रानात आली. शाळेला सुट्टी होती. आदल्या दुपारी ती ओढ्याकडून जाताना तिने आमची म्हैस रानात चरताना बघितली होती. माल घरी गेलाय, धन्याचं जनावर आत शिरलंय, म्हणजे सरवा मोकळा. तिच्या आईने जसं वाचलं असतं तसंच तिने ते वाचलं. उजाडल्यापासून दहापर्यंत तिने पिशवी जवळजवळ भरली होती. तिचा हात चलाख होता.

दहाच्या सुमाराला दादा ट्रॅक्टर घेऊन रानात पोचला आणि ती सापडली. मी घरी होतो. तो परत आला तो पिशवी घेऊनच. ती अंगणात आपटून म्हणाला, "पोरांची खिचडी करती आन दिवसाढवळ्या शेंगा चोरती." वहिनीने विचारलं, "काय म्हनली ती?" दादा म्हणाला, "म्हनती म्हस शिरली व्हती की, म्हून आले. मी म्हनलं, ती सुटून आलीती, आमी घातली नव्हती. आन सुटली तर सुटली, इचारायला तोंड नव्हतं?" वहिनी म्हणाली, "तिला काय ठावं सुटलीया का घातलीया. जाऊ द्या की." दादाचा पारा आणखी चढला. ढिगातून शेंगा घेतल्याशिवाय एवढ्या वेळात पिशवी भरतेच कशी, असं त्याचं म्हणणं. ढिगाच्या पाल्याला शेंगा उरल्याच नव्हत्या, हे रागात त्याच्या लक्षात आलं नाही.

त्या वेळी अंगणात आम्ही तिघंच होतो. बोलायला याहून सोपी जागा मिळाली नसती. मी तोंड उघडलंही. मग वाटलं, आता सांगायचं तर काल खोटं बोललो हेही सांगावं लागेल, तेही वहिनीसमोर, आणि ते नवं दावं तिथे खुंट्याला बांधलेलं. म्हटलं, दादाचा राग दोन दिवसांत उतरेल, पिशवी परत करेल, कशाला उगाच. मी मोरीवर जाऊन तोंड धुतलं. चांगलं दोन-तीनदा धुतलं.

राग उतरला नाही. दोन दिवसांत गोष्ट गावभर झाली आणि तिसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात समिती बसली. सतरंजी अंथरली होती. मुख्याध्यापक शहराकडचे, नवे आलेले. समितीतले सात-आठ जण आणि बघायला आलेले तेवढेच. दादाने मलाही बोलावलं होतं. मावशी खांबाला टेकून उभी होती.

तिने सांगितलं, "मी सरव्याला गेलते." मुख्याध्यापकांनी चष्मा सारखा करून विचारलं, "सरवा म्हणजे काय?" दोन-तीन जण एकदम सांगायला लागले. कुणी म्हणालं पडलेलं धान्य, कुणी म्हणालं गोरगरिबाचं, कुणी म्हणालं आता ते कुठं राहिलंय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि वहीत लिहिलं, 'शेतातील शेंगा मालकाच्या परवानगीशिवाय नेल्या.' वाचून दाखवलं. त्यात चूक काही नव्हती. फक्त तो शब्द तेवढा वहीत आला नाही, आणि तो आला नाही म्हटल्यावर तिच्यापाशी बोलायला दुसरं काही उरलं नाही. तिचं सगळं म्हणणं त्या एका शब्दात होतं.

एक म्हातारा म्हणाला, "जनावर घातलं असंल तर तिची चूक न्हाई. सुटून गेलं असंल तर ती वेगळी गोष्ट. तिनं इचारायला पायजे व्हतं." मग सगळे म्हशीवर आले. दादा म्हणाला, "सुटली व्हती. दावं आणलंय की नवीन."

तेव्हा मावशी माझ्याकडे वळली. आख्ख्या बैठकीत ती एकदाच कुणाला काही विचारणार होती, आणि तिने मला विचारलं.

"फौजी, तुमी सांगा. म्हस तुमी सोडलीती का सुटलीती?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला आजही त्या व्हरांड्याचा वास येतो, शेणाने सारवलेल्या अंगणाचा आणि आतून शिळ्या खिचडीचा. 'मी सोडली होती' असं म्हणायला कितीसा वेळ लागला असता! मी दादाकडे बघितलं नाही. तिच्याकडेही बघितलं नाही. समोर फळ्यावर सुविचार लिहिलेला होता, तो वाचत म्हणालो, "सुटली होती."

ती "बरं" म्हणाली. कमरेची किल्ली काढली, सतरंजीवर ठेवली आणि पायऱ्या उतरून गेली. दादा मागून म्हणाला, "पोलिसात न्हाई दिलं ह्ये आमचं भलेपण." सभा उठली.

सोमवारपासून खिचडीला दुसरी बाई आली. आठ दिवसांनी मी चौकातून जात असताना शाळा सुटली आणि पोरं मावशीच्या घरावरून 'शेंगाचोर, शेंगाचोर' करत पळाली. त्यातल्या निम्म्यांना तिने पहिलीपासून वाढलेलं. दार बंद होतं. दिवाळी झाली आणि ती लेकीकडे माधवनगरला गेली. घराला कुलूप. जाताना एसटीच्या थांब्यावर मी तिला लांबून बघितलं. तिनेही मला बघितलं. सलाम केला नाही.

नंतर मलाही सांगलीत नोकरी लागली, मार्केट यार्डात एका गोदामावर राखणदाराची. मी मिटलो होतो, असं बायको म्हणते. घरात भांडण नाही, दारू नाही, तरी माणूस मिटतो. गोदामापाशी हळदीची पोती उतरताना गळलेली हळकुंडं वेचायला बायका यायच्या. मालक मला म्हणायचा, हाकला त्यांना. मी मान डोलवायचो आणि गोदामाला मागच्या बाजूने चक्कर मारायला निघून जायचो. यात माझा काही मोठेपणा नव्हता. त्यांच्या तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती, एवढंच.

दीड वर्षाने कळलं की मावशी आजारी आहे. गावचा एकजण बाजारात भेटला, त्याने सांगितलं. ती इथे हळद निवडायच्या कामाला जायची, धुळीने खोकला लागला आणि तो राहिलाच. मी पत्ता मिळवला आणि रविवारी स्कूटर घेऊन माधवनगरला गेलो. लेकीचं घर दोन खोल्यांचं. मावशी खाटेवर बसली होती, अगदी हलकी झालेली. बोटं पिवळी. मला बघून पदर सारखा केला आणि लेकीला म्हणाली, "च्या ठेव गं. आमच्या गावचं हायत."

लेक आत गेली तसं मी बोलून टाकलं. आणखी दोन मिनिटं थांबलो असतो तर चहा पिऊन परत आलो असतो, हे मला ठाऊक होतं. "मावशी, म्हैस मी सोडली होती. सुटली नव्हती."

ती म्हणाली, "ठावं हाय मला."

मला वाटलं तिला ऐकू आलं नसेल. मी पुन्हा सांगायला लागलो.

"आवं ठावं हाय म्हनते न्हवं. मी ओढ्याच्या वाटंवर व्हते. तुमी तिच्या पाठीवर थाप मारली आन आत घातली. म्हून तर सरव्याला आले. सुटल्यालं जनावर मला वळकत न्हाई व्हय? तसं असतं तर मीच हाकलून तुमच्या दारात आनली असती."

मी विचारलं, "मग सगळ्यांसमोर बोलला का नाहीत, की मी बघितलंय म्हणून?"

"माझं कोन ऐकनार? चोर ठरल्याली बाई मी." ती खोकली, बराच वेळ खोकली. मग म्हणाली, "म्हून तर तुमास्नी इचारलं. म्हनलं, हा मानूस सांगंल."

चहा आला. मी तो कसा प्यायलो मला माहीत नाही. उठताना म्हणालो, "मी गावात जाऊन सांगतो. दादाला सांगतो, समितीला सांगतो." मला वाटत होतं ती म्हणेल, आता राहू द्या, झालं गेलं. माणसं तसं म्हणतात, आणि मी त्याच आशेवर बोललो असेन. ती तसं म्हणाली नाही. म्हणाली, "सांगा. काम नगं मला आता. पर तेवडं नाव फुसून द्या."

त्यानंतर मी गावी तीनदा गेलो. एकदा यात्रेला, एकदा पुतणीच्या साखरपुड्याला, एकदा सहज. तिन्ही वेळा दादाबरोबर ओसरीवर बसलो. ट्रॅक्टरचे हप्ते, पाऊस, लेकीची परीक्षा. मी सुरुवात करायचो आणि दुसरंच बोलायचो. प्रत्येक वेळी परतताना ठरवायचो की पुढल्या खेपेला नक्की.

गेल्या महिन्यात मावशी गेली. लेकीचा फोन आला तेव्हा मी कामावर होतो, तसाच गेलो. दहा-बारा माणसं होती. मी विचारलं, "गावी न्यायचं का? गाडीची सोय मी करतो." लेक म्हणाली, "नगं. आईनंच सांगून ठिवलंय. तिकडं नेऊ नगा म्हनाली." कृष्णाकाठी सगळं झालं. गावचा म्हणून मी एकटाच होतो, आणि लोकांना वाटलं, किती माया आहे बघा.

त्याच संध्याकाळी मी दादाला फोन केला. आधी सांगितलं मावशी गेली. तो म्हणाला, "अरेरे. वाईट झालं." मग मी बाकीचं सांगितलं. वैरणीचा कंटाळा, थाप मारून म्हैस आत घातली ते, बाभळीखालची झोप, पाल्याचा ढीग, तो ओरडेल म्हणून बोललेलं खोटं. तिने ओढ्याच्या वाटेवरून बघितलं होतं तेही सांगितलं. काहीही गाळलं नाही. सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

दादा तापट माणूस, पण त्याचा आवाज चढला नाही. उलट इतक्या हळू त्याला बोलताना मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"पाल्याचं काय घिऊन बसलास गड्या," तो म्हणाला. "दोन शिव्या दिल्या असत्या आन इसरून गेलो असतो. तवाच बोलला असतास तर मी सोता तिला शाळंत न्हिऊन सोडली असती. माझ्या हातनं काय करून घितलंस रं ह्ये."

सतरा वर्षं लांब राहून मी या माणसाला किती कमी ओळखत होतो, ते मला तेव्हा कळलं. ज्याला भिऊन मी खोटं बोललो तो माणूस फक्त माझ्या डोक्यात होता.

मग त्याने विचारलं, "तिची लेक कुठं ऱ्हाती?" मी पत्ता सांगितला. त्याने कुणाकडून तरी पेन मागून घेतला, लिहून घेतला, मला परत वाचून दाखवला. म्हणाला, रविवारच्या पहिल्या एसटीने येतो.

मी म्हणालो, "मी स्टँडवर येतो. बरोबर जाऊ आपण."

"नगं," दादा म्हणाला. "माझा मी जातो."